बऱ्हाणपूर बघायला येताय? पाण्याच्या वाटेने या

लालबागकर:

मंडळी, गेल्या महिन्यात भुसावळच्या ओळखीतलं एक कुटुंब बऱ्हाणपूरला येऊन गेलं. सकाळी अकराला उतरले, शाही किल्ला बघितला, "मुमताज इथे गेली" हे ऐकलं, मावा जिलेबी खाल्ली आणि चारच्या गाडीने परत. निघताना म्हणाले, "बाकी काही फार नाही हो इथे." मी एकतीस वर्षं या गावात राहतोय. ते वाक्य मनाला लागलं, म्हणून हा धागा काढतोय.

पहिली गोष्ट, बऱ्हाणपूर आपल्याला परकं नाही. खानदेशची ती जुनी राजधानी. फारुकी सुलतानांची दोनशे वर्षं आणि त्यानंतर मोगलांचा खानदेश सुभा, दोघांचाही कारभार याच गावातून चालला. पुढे इंग्रजी अमलात आपला खानदेश मुंबई इलाख्यात राहिला आणि बऱ्हाणपूर निमाड जिल्ह्याबरोबर मध्य प्रांतात गेलं. राजधानी एकीकडे आणि मुलूख दुसरीकडे, असं झालं ते तेव्हापासून. २००३ च्या १५ ऑगस्टला बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला. माझं मूळ गाव रावेर तालुक्यात. तिकडून इकडे येताना सीमेवरची पाटी सोडली तर काय बदलतं? केळीचे मळे तेच, काळी माती तीच, भाजीबाजारात कानावर पडणारी बोलीसुद्धा घरचीच.

दुसरी गोष्ट, आणि हेच मला मुख्य सांगायचंय. हे गाव इमारतींच्या यादीने बघू नका, पाण्याच्या मागोमाग बघा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधे लाखभर माणसं, घोडे, हत्ती, छावण्या. त्यांना पाणी कसं पाजलं, हे कळलं की शहर आपोआप उलगडत जातं.

म्हणून स्टेशनवर उतरलात की थेट गावात जाऊ नका. स्टेशन गावाबाहेर लालबागेत आहे (मुंबईचं नव्हे, आमचं लालबाग), आणि कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालची जुनी पाणीयोजना, याच बाजूला आहे. आधी तिथे जा.

अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे दोहे लिहिणारे रहीम, मोगलांचे इथले सुभेदार होते. त्यांच्या काळात, १६१५ च्या सुमाराला, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने हे काम उभं केलं. सातपुड्यातून जमिनीखाली झिरपत येणारं पाणी भुयारात अडवायचं, भुयाराला बेताचा उतार द्यायचा, आणि थोड्या थोड्या अंतरावर वरून खाली विहिरीसारखी उभी तोंडं खणायची. तीच कुंडी. अशा शंभरावर कुंड्या ओळीने आहेत. त्यांतून भुयारात हवा जाते, उजेड जातो, गाळ काढायला माणूस उतरतो. मोट नाही, रहाट नाही, पाणी उताराने आपलं आपण चालत जालीकरंज नावाच्या हौदापर्यंत येतं आणि तिथून शहरात. इराणात कनात म्हणतात तीच ही पद्धत. अशा एकूण आठ योजना या शहराला होत्या. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांतलीच नावं.

एका कुंडीतून लिफ्टने खाली जाता येतं, साधारण ८० फूट. दार उघडलं की आधी गारवा अंगावर येतो. मे महिन्यात वर चव्वेचाळीस-पंचेचाळीस तापमान असताना खाली अंगावर शहारा येतो, हे मी कितीदा अनुभवलंय. चपला हातात घ्यायच्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि पाण्यात उतरायचं. पाणी इतकं नितळ की पायाची नखं मोजावीत. भिंतींवर चारशे वर्षांचे क्षार चढलेत. पांढरट, ओलसर, हात फिरवला तर मोठ्या शंखाच्या पाठीसारखा खरखरीत. पुढच्या कुंडीखाली गेलात की वरून उजेडाचा एक गोल पाण्यावर पडलेला दिसतो. थांबा तिथे. बोलू नका दोन मिनिटं. कुठेतरी थेंब पडत असतो आणि त्याचा आवाज भुयारातून चालत तुमच्यापर्यंत येतो. ज्या माणसांनी दिव्याच्या उजेडात हे खणलं त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. मी दर वेळी त्यांना मनातल्या मनात नमस्कार करतो.

तिथून रिक्षा करा आणि शाही किल्ल्यात या. किल्ला तापीच्या काठावर सरळ उभा आहे. बराचसा पडला, पण हमाम, म्हणजे शाही न्हाणीघर, बघाच. वर छताकडे मान करा. लाल, निळे, हिरवे वेल अजून ओळखू येतात. मग खाली बघा. हौद आणि पाणी खेळवायची सोय आहे. सकाळी भुयारात बघितलं ते पाणी राजवाड्यात कसं पोचत असेल, याचा विचार इथे उभं राहून करा.

मुमताजमहल १७ जून १६३१ ला इथे गेली. वय ३८, चौदावं बाळंतपण. शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेवर होता आणि मुलगी जन्मली ती गौहरआरा. मुमताजला आधी नदीपलीकडे जैनाबादेत पुरलं आणि सहा महिन्यांनी देह आग्र्याला नेला. गाइड लोक ताजमहालाच्या गोष्टी पुष्कळ सांगतील. ऐका. पण माझी विनंती आहे की किल्ल्याच्या नदीकडच्या बाजूला जाऊन पलीकडच्या काठाकडे बघा. पलीकडे आहूखाना, म्हणजे जुनी हरणबाग. एका बाईचं बाळंतपणात जाणं आहे हे, आणि त्या वर्षी तर गुजरात-दख्खनभर दुष्काळ पडलेला, राजवाड्याबाहेर माणसं अन्नावाचून मरत होती. तापी तेव्हाही अशीच मधून वाहत असेल.

शेवटी घाटावर उतरा, राजघाटाला. पाणी कमी असलं तर पात्रातला दगडी हत्ती दिसतो. मुलांना फार आवडतो.

जामा मशीद गावाच्या मध्यात, गांधी चौकाजवळ. राजा अली खान फारुकीने बांधली. दोन उंच मिनार लांबूनच दिसतात. आतल्या भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याच्याच खाली संस्कृत लेख, देवनागरीत कोरलेला. मशिदीत संस्कृत! त्यात फारुकींची वंशावळ आहे आणि शके १५११ चं पौषातलं मुहूर्ताचं पंचांग दिलंय. शिवाय अकबराने गाव घेतल्यावर स्वतःचा फारसी लेखही इथेच कोरवून घेतला. नमाजाच्या वेळा सोडून जा, शुक्रवारी दुपारी नको. डोकं झाका, आतल्या माणसाला विचारा, ते प्रेमाने दाखवतात.

उतावळी नदीच्या काठचा शाहनवाज खानाचा मकबरा (लोक काळा ताजमहाल म्हणतात, हा रहीमचा मुलगा) आणि शाहजहानचा मुलगा शाह शुजा याच्या बेगमेचा खरबुजा घुमट ही दोन्ही ठिकाणं संध्याकाळी करा. खरबुजा बाहेरून लहान, पण आत भिंतभर रंगवलेली फुलं आहेत. किल्लीवाला जवळपासच असतो.

दुसऱ्या दिवशी असीरगड. तो वेगळाच विषय आहे, खाली कोणी विचारलं तर लिहितो.


शिरपूरकर:

भाऊ, लिखाण बहू चांगलं शे. पन आमनं थाळनेर इसरी गयात का? पहिली राजधानी ती शे.

मराठीत लिहितो सगळ्यांसाठी. मलिक राजा फारुकीला फिरोजशाह तुघलकाने थाळनेरची जहागीर दिली, तिथून खानदेशची सुलतानी सुरू झाली. आमच्या गावाशेजारी तापीच्या काठावर फारुकींचे मकबरे आजही उभे आहेत. कोरीव दगडाचे, अष्टकोनी एक तर फार सुंदर आहे. बघायला कोणी येत नाही. गुरं बसतात आजूबाजूला.


लालबागकर:

शिरपूरकर भाऊ, तुमचं शंभर टक्के खरं. माझ्याकडून राहिलं. थाळनेर आई आणि बऱ्हाणपूर मुलगी, असं म्हणा. मलिक राजा १३९९ ला गेला, त्याच्या मुलाने, नासिर खानाने, असीरगड आसा अहिराकडून काढून घेतला आणि मग तापीकाठी हे नवं गाव वसवलं. नाव दिलं सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं, आणि पलीकडच्या काठाला जैनुद्दीन शिराजींचं, म्हणून जैनाबाद. दोघांच्याही कबरी खुलदाबादला. म्हणजे बघा, शिरपूर, बऱ्हाणपूर, खुलदाबाद अशी एक सहल होऊ शकते. थाळनेरच्या किल्ल्यावर १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्लेदाराला फाशी दिलं, तेही लोकांना ठाऊक नसतं. तुम्ही थाळनेरवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.


जळगावची_सून:

काका, फार आपुलकीने लिहिलंय. सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांना घेऊन यायचंय. कुंडी भंडारा जमेल का? आणि दिवस एकच हाताशी आहे.


लालबागकर:

सूनबाई, जरूर आणा. लिफ्टने खाली जाणं जमेल, पण पाण्यात चालताना तळ निसरडा असतो. त्यांना खाली पोचल्यावर तिथेच उभं राहू द्या, भुयार तिथूनही दिसतं. निघण्याआधी लिफ्ट चालू आहे का ते स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना विचारून घ्या. मागे एकदा माझ्या बहिणीला सोलापूरहून बोलावलं आणि नेमकी त्या दिवशी दुरुस्ती निघाली. ती कुंडीच्या तोंडाशी वाकून बघत राहिली बिचारी. त्यानंतर मी न विचारता कुणालाच नेत नाही.

एका दिवसात सासूबाईंसाठी कुंडी भंडारा, हमाम आणि दर्गा-ए-हकीमी एवढंच ठेवा. हकीमी हे दाऊदी बोहरा समाजाचं मोठं तीर्थ. सगळं सपाट, संगमरवरी, बाग स्वच्छ, बसायला सावली. दूरदूरच्या देशांतून बोहरा मंडळी येतात. गडावर त्यांना नेऊ नका. आणि वेळ उरला तर गुरुद्वारा बडी संगत. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना इथे राहिले होते. तिथला लंगर चुकवू नका.


गडवेडा:

मराठ्यांच्या इतिहासाचं काय? संभाजी महाराजांनी बऱ्हाणपूर मारलं ते गावातच का?


लालबागकर:

गडवेडा, मुख्य तटाच्या आत नव्हे, बाहेरच्या पेठांवर. १६८१ च्या सुरुवातीला हंबीरराव मोहिते आणि महाराज अचानक आले आणि बहादुरपुरा लुटला. कापड, सोनं-चांदी, जडजवाहीर, मोठ्या व्यापाऱ्यांची ती पेठ होती. आज बहादरपूर नावाचं गाव आहे तिथे. त्याच वर्षाच्या शेवटी औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात येऊन उतरला, तो पुन्हा उत्तरेत गेलाच नाही.

पण मराठी माणसाने जायलाच हवं अशी माझी आवडती जागा दुसरीच आहे. बोहरडा गावाजवळ, मोहना जिथे तापीला मिळते तिथे मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. बत्तीस खांब, लाल-करड्या दगडाची, चारी बाजूंनी शेत. पुरंदरचा तह ज्यांनी १६६५ ला केला, शिवाजी महाराजांना आग्र्याला जायला ज्यांनी तयार केलं, ते मिर्झाराजे परत बोलावल्यावर १६६७ च्या ऑगस्टमध्ये या गावात वारले. पावसाळा संपताना जा. दोन्ही नद्यांना पाणी असतं, छत्रीच्या पायरीवर बसलं की समोर दोन रंगांचं पाणी एकमेकांत मिसळताना दिसतं. तिथे मी माझ्या नातवाला पुरंदरची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आजोबा, म्हणजे ते आपले शत्रू होते?" मला उत्तर द्यायला वेळ लागला. शत्रू होते, पण शब्दाची किंमत जाणणारे होते, असं सांगितलं मी त्याला.


मुशाफिर_७:

एक शंका. बाजीराव पेशव्यांची समाधी रावेरला आहे ना? मग एकाच दिवसात दोन्ही होतील.


लालबागकर:

नाही हो, हा घोळ फार जणांचा होतो. थोरले बाजीराव १७४० ला गेले ते रावेरखेडीला, नर्मदेच्या काठी, खरगोन जिल्ह्यात. आमचं रावेर जळगाव जिल्ह्यात. दोन्हींच्या मधे अख्खा सातपुडा आहे. रावेरखेडीला जायचं तर वेगळा दिवस काढा.


सावद्याची_वहिनी:

भाऊजी, खाण्याचं एका ओळीत उरकलंत! बऱ्हाणपूरचे मांडे आणि आपले मांडे वेगळे, हे सांगा सगळ्यांना. माझ्या माहेरी अजून पुरणाचे मांडे खापरावर करतात.


लालबागकर:

वहिनी, रागावू नका, सांगतो. आपल्याकडे पुरण भरून, हातावर वाढवत वाढवत उपड्या खापरावर टाकायचा तो मांडा. गोड, तुपाबरोबर खायचा. बऱ्हाणपूरचा मांडा मैद्याचा, बिनपुरणाचा, आणि जेवणात रश्श्याबरोबर. संध्याकाळी भट्टीवर कारागीर बसलेला असतो. गोळा हातात घेतो, दोन्ही तळव्यांवर उडवत झुलवतो, बघता बघता तो ओढणीएवढा होतो, मधून पलीकडचा दिवा दिसायला लागतो, आणि एका झटक्यात उपड्या लोखंडी कढईवर. मिनिटभरात रुमालासारखी घडी घालून समोर. लोक सांगतात की मोगल छावण्यांमध्ये फौजेला पटकन पोटभर घालायला ही पद्धत आली. हात मात्र दोन्हीकडे सारखेच चालतात, खापर असो की कढई. माझी आई मांडे करायची तेव्हा कोपरापर्यंत पीठ असायचं. इथल्या भट्टीसमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा तीच आठवली.

दराबा घरी न्यायला घ्या. रवा, साखर, तूप, आणि फेटून फेटून इतका हलका की जिभेवर विरतो. मावा जिलेबी गरम असतानाच खायची, डब्यात घालून नेली की तिची मजा जाते. जिलेबी काळपट दिसते म्हणून घाबरू नका, मावा तळला की तसाच रंग येतो.


गडवेडा:

आता असीरगड लिहाच.


लालबागकर:

लिहितो, थोडक्यात. खांडवा रस्त्यावर वीसेक किलोमीटर. दख्खनचा दरवाजा म्हणायचे त्याला, कारण सातपुड्यातली नर्मदेकडून तापीकडे उतरणारी वाट त्याच्या नजरेखाली आहे. असीरगड, कमरगड, मलयगड असे तीन टप्पे. अकबराने १६०० मध्ये बऱ्हाणपूर सहज घेतलं, पण गड घ्यायला जानेवारी १६०१ उजाडला. शेवटचा फारुकी बहादुर खान हाती लागला आणि दोनशे वर्षांची सुलतानी संपली. खानदेशचं नाव काही काळ शाहजादा दानियालच्या नावावरून दानदेश ठेवलं होतं. ते टिकलं नाही, आपलं खानदेशच राहिलं. १८१९ ला इंग्रजांनी तोफा लावून गड घेतला.

वर मशीद आहे, तलाव आहेत, आणि शंकराचं देऊळ. अश्वत्थामा पहाटे येऊन पिंडीवर फूल वाहतो असं गावकरी सांगतात. इथेही बघायचं ते पाणीच. इतक्या उंचीवर खडकात कोरलेले तलाव, त्यांवर वेढ्यात फौजा महिनोन्महिने तगल्या. सकाळी लवकर जा, पाणी सोबत न्या, वर काही मिळत नाही. उन्हाळ्यात अजिबात नको. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम.


शिरपूरकर:

भुसावळहून गाडी बरी की रस्ता?


लालबागकर:

गाडी. भुसावळ, सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा आणि बऱ्हाणपूर, तासाभराचं काम. धुळे-शिरपूरकडून मोटारीने येत असाल तर चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा तापीच्या उत्तरेचा रस्ता धरा. दोन्ही बाजूंना केळी, डावीकडे सातपुडा सतत सोबत. मुक्ताईनगरकडून येणाऱ्यांनी वाटेत इच्छापूरच्या इच्छादेवीला थांबावं, टेकडीवरून सगळं खोरं दिसतं.


जळगावची_सून:

काका, कालच जाऊन आलो. लिफ्ट चालू होती. सासूबाई "मी वरच बसते" म्हणत होत्या, पण खाली उतरल्या. पाण्यात पाय घातला आणि बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या. मग वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावलं. त्यांच्या माहेरी चोपड्याला लहानपणी रोज तीन विहिरी फिरून पाणी आणायच्या, ते सांगत बसल्या परतीच्या वाटेवर. हे आम्हाला लग्नानंतर बारा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

जामा मशिदीत तो संस्कृत लेख एका आजोबांनी दाखवला. अक्षरं ओळखीची, पण आम्हाला नीट वाचता आला नाही. यांनी फोटो काढलाय.


लालबागकर:

सूनबाई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. फोटो इथे टाका. दोन-तीन जण मिळून ओळ न् ओळ लावू या, मला पौष शुक्ल एवढंच धड वाचता येतं.